फोन किती वाजता आला होता

जयपूरच्या शास्त्री नगरात विभा निसळ हिला सगळी गल्ली ‘विभाजी’ म्हणते, आणि विभाजींसारखी शांत बाई शोधून सापडायची नाही, असंही म्हणते. गल्लीचं काय जातंय म्हणायला. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याची विमा कंपनीतली बदली झाली म्हणून ती इकडे आली. भाजीवाल्या भैयाशी आवाज न चढवता भाव पाडायला शिकली, शेजारणींना पुरणपोळी शिकवली, त्यांच्याकडून केर-सांगरीची भाजी शिकून घेतली. उन्हाळा लागला की गॅलरीसमोरच्या कडुनिंबाला पाखरांसाठी पाण्याचा परिंडा टांगायचा, ही इथली रीतही तिने उचलली. आणि हे सगळं करताना तिने मनात एक डूख जपला. बरणीला दादरा बांधून मुरांबा जपतात तसा, अधूनमधून हलवून, बुरशी धरू न देता.

डूख होता नणंदेवर, मधुमतीवर. विभाला तिच्याकडून माफी नको होती, दागिना नको होता, गोड बोलणं तर मुळीच नको होतं. तिला फक्त एक वाक्य हवं होतं, चारचौघांत, मधुमतीच्या तोंडून. फोन सकाळी नऊ वाजता आला होता, एवढंच.

गोष्ट त्र्याण्णव सालची, नगरची. मधुमतीचा साखरपुडा घरातच होता आणि विभा, लग्नाला वर्ष न झालेली सून, पहाटेपासून साठ माणसांच्या पुरणपोळ्या लाटत होती. संध्याकाळी साडेसहाला, शेवटचे पाहुणे फाटकाबाहेर पडल्यावर, मधुमती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली की बार्शीहून आत्ताच फोन आलाय, तुमच्या अण्णांचं जास्त आहे. विभा पिठाचे हात धुऊन मिळेल त्या एसटीने निघाली. पोचली तेव्हा अण्णांना नेऊनही झालं होतं. ते दुपारी साडेचारलाच गेले होते. थोरला भाऊ म्हणाला, ‘मी सकाळी नऊला फोन केला होता विभा. तुझ्या नणंदेनेच उचलला. अण्णांनी तीनदा विचारलं, विभा निघाली का.’

नगर ते बार्शी पाच तास. नऊला कळलं असतं तर साडेनऊची गाडी, अडीचला घर. म्हणजे अण्णांजवळ बसायला दोन तास मिळाले असते. हा हिशेब विभाने पुढे इतक्या वेळा केला की तो तिला पाढ्यासारखा पाठ झाला.

परत सासरी आल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं. मधुमती फरशीकडे बघत म्हणाली, फोन संध्याकाळी आला. सासूबाई म्हणाल्या, दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, तुझ्या भावाचं काय घेऊन बसलीस. आणि उमाकांत, तिचा नवरा, तिला बाजूला घेऊन मऊ आवाजात म्हणाला की जाऊ दे, तो बिचारा तरी कुठे शुद्धीवर होता. बापाला शेवटचं भेटता आलं नाही ते आलंच नाही, वर माहेर खोटं ठरलं. त्या दिवशी एकट्या उमाकांतने पाठीवरून हात फिरवला होता आणि विभाला त्याचा फार आधार वाटला होता, हे इथेच सांगून ठेवायला हवं.

पुढची सत्तावीस वर्षं ती उट्टं काढत राहिली, पण अशा हाताने की कुणाला दिसू नये. मधुमती माहेरपणाला आली की तिच्या पानात चळतीतली सगळ्यात खालची पोळी पडे. तिच्या ओटीत नेमका तिला न शोभणारा रंग निघे. तिच्या चहात आलं घालायचं विभा दर वेळी विसरे. मधुमतीही खमकी, ती गार पोळी मुकाट खाई आणि ब्र काढत नसे. त्या गप्प बसण्याने विभाचं पित्त आणखी खवळे. चोर तो चोर आणि वर साधूचा आव, असं तिला वाटे.

अशी ही मधुमती दोन हजार वीसच्या मार्चमध्ये पुण्याहून जयपूरला आली. गणगौरची मिरवणूक बघायची होती म्हणे, आठवडाभरात परतायचं होतं. मिरवणूक रद्द झाली, गाडी रद्द झाली, गल्लीच्या तोंडाला पोलिसांनी बांबू आडवे बांधले आणि ज्या बाईला चार दिवस सोसायचं ती अनिश्चित काळासाठी घरात अडकली. तीन खोल्यांत विभा, उमाकांत, कॉलेजात जाणारी तनया आणि आत्या. विभाने पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की देवाने नणंद आपल्या हवालीच केली आहे.

त्याच आठवड्यात वॉर्डातल्या आरोग्यसेविका दारोदार फिरत आल्या. बाहेरून कोणी आलंय का, त्यांनी विचारलं. उमाकांत ‘नहीं जी’ म्हणायला तोंड उघडतोय तोच विभा म्हणाली, आयी हैं ना, मेरी ननद, पूना से. पुण्याचं नाव निघताच सेविका दोन पावलं मागे सरकल्या. मधुमतीच्या हातावर ठसा उमटला, दारावर कागद चिकटला, चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं ठरलं. कायदा विभाच्या बाजूने होता. त्या दिवशी ती देवासमोर दोन मिनिटं जास्त बसली.

मागच्या खोलीत गव्हाचं पिंप, मोडका कूलर आणि एक खाट. दाराशी स्टूल. विभा स्टुलावर ताट ठेवायची, चमच्याने दोनदा वाजवायची आणि मागे व्हायची. फुलका गार, भाजी दुधीची. मधुमतीला दुधी आवडत नाही हे विभाला चांगलंच माहीत होतं. दहाव्या दिवशी तनया म्हणाली, ‘मम्मी, मतलब आत्याला रोज लौकीच द्यायची? हे जरा जास्त होतंय.’ विभाने सांगितलं की भैया ठेल्यावर आणतो ते घ्यावं लागतं, दिवस कसे आहेत बघ. ठेल्यावर भेंडीही होती.

चौदा दिवसांत मधुमती एकदाही शिंकली नाही. बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्याने, आणि कामवाली बंद असल्यामुळे भांडी तिच्या वाट्याला आली. तीही तिने निमूट घासली. दिवसातून दोनदा ती पुण्याला फोन करायची. तिचा नवरा रणजितराव आणि मुलगा निमिष तिथे होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रणजितरावांना ताप आला, मग दवाखान्यात ठेवलं. नुसती खबरदारी म्हणून ठेवलंय, असं निमिष आईला सांगत होता. मधुमतीला ते पटत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसायचं. विभाला तेही दिसायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला वाईट वाटत नव्हतं.

रविवारी अक्षय्य तृतीया आली. निसळांकडे त्या दिवशी पाण्याने भरलेला घडा पितरांच्या नावाने ठेवतात आणि पुरणाचा नैवेद्य करतात. घड्याजवळ बसून घरचा कर्ता पुरुष तीन पिढ्यांची नावं घेतो, सगळी निसळांचीच. विभाच्या अण्णांचं नाव त्यात यायचं कारण नव्हतं. कडुनिंबावरचा परिंडा ती दर वर्षी याच दिवशी मनातल्या मनात अण्णांच्या नावाने भरायची आणि कुणाला सांगायची नाही.

सकाळी पावणेबाराच्या सुमारास पुरण वाटून झालं होतं. मधुमती ओट्याशी पोळ्या लाटत होती. पोळ्या तिने लाटायच्या, हे विभानेच ठरवलं होतं आणि त्यामागचं कारण सांगायला नको. विभाचा फोन वाजला. निमिष होता. त्याचा आवाज ऐकून ती गॅलरीत गेली.

निमिष रडत होता. बाबांचा ऑक्सिजन खाली आलाय, एक वाजता त्यांना मशीनवर घेणार आहेत, त्यानंतर बोलता यायचं नाही. साडेबाराला नर्स दोन मिनिटं व्हिडिओवर जोडून देणार आहे. ते सारखं आईला विचारताहेत. ‘पण मामी, तुम्ही तिला सांगू नका. येऊ तर ती शकत नाही. तिथे तिला काही झालं तर मी काय करू? मीच बोलतो बाबांशी. संध्याकाळी काय ते सांगू.’

विभाने बरं म्हटलं. फोन ठेवला. ती दुःखी झाली असं लिहिणं चांगलं दिसलं असतं, पण ती दुःखी झाली नव्हती. तिला आनंद झाला होता. सत्तावीस वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर कुणी भरलं ताट ठेवावं तसं झालं. तोच माणूस, ज्याच्या साखरपुड्यासाठी आपला बाप आपल्यावाचून गेला. तीच बाई, पोळ्या लाटणारी. आणि आपण काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. उद्या कुणी बोट दाखवायची सोय नाही, पोटच्या पोरानेच सांगू नका म्हटलंय.

तरी तिने एक संधी दिली. स्वयंपाकघरात जाऊन ती मधुमतीच्या शेजारी उभी राहिली. नऊ म्हणाली तर आत्ता, इथेच सांगून टाकायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

‘वन्सं, त्या दिवशी फोन किती वाजता आला होता?’

लाटणं थांबलं. कुठला दिवस, कुठला फोन, हे मधुमतीने विचारलं नाही.

‘संध्याकाळी, वहिनी.’

‘नक्की?’

‘नक्की,’ मधुमती म्हणाली. पोळी कडेला फाटली होती, तिने ती बोटाने दाबून जुळवली.

ठीक आहे, विभाने मनात म्हटलं. तुलाही मग संध्याकाळीच.

बाहेरच्या खोलीत उमाकांत पाटावर बसून घड्याभोवती आंब्याची पानं लावत होता. विभाने त्याला निमिषचा निरोप सांगितला. एकटीने गप्प बसण्यापेक्षा दोघांनी मिळून गप्प बसलेलं बरं, एवढाच तिचा विचार. उमाकांतचे डोळे भरून आले, त्याने उपरण्याने पुसले. मग तो म्हणाला की निमिषचं बरोबर आहे, तिला आत्ता सांगून काय साधणार, सणाचं पान होऊ दे, संध्याकाळी सांगू.

विभा घड्याळाकडे बघत राहिली. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती बोलत नाही म्हणजे तिला हे पटत नाही, असं उमाकांतला वाटलं, आणि आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात तो तिची समजूत घालायला गेला.

‘अगं, कार्य पार पडल्यावर सांगितलं की माणूस सोसतो. तुझ्या वेळी नाही का तसंच केलं आपण? सोसलंस ना तू?’

‘आपण?’ विभा म्हणाली.

उमाकांतच्या हातातलं पान हातातच राहिलं. एवढी वर्षं जे कुणी उकरून काढू शकलं नाही ते त्याने स्वतःच, बायकोला शहाणपण शिकवताना, ताटात वाढून ठेवलं होतं. मूग गिळून बसावं तर ते आता उपयोगाचं नव्हतं.

माणसाचा राग एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसायला किती वेळ लागतो? विभाच्या रागाला तेवढाच वेळ लागला जेवढा तिला त्या पाटाकडे बघायला लागला. पाठीवरून फिरलेला तो हात तिला आठवला. नगरच्या घरातला मऊ आवाज आठवला. याला नऊपासून माहीत होतं. आपण पोळ्या लाटत होतो आणि हा दोनदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला होता. घडा आपटावा याच्या डोक्यात, असं तिला वाटलं, आणि त्यासाठी ती दोन पावलं पुढेही गेली. पण घड्याळ पुढे सरकत होतं. बारा दहा. आणि तिला हेही कळलं की पाच मिनिटांपूर्वी आपण याच माणसाच्या शेजारी उभं राहून ‘आपण’ झालो होतो. त्या विचाराची तिला इतकी किळस आली की ती तडक आत गेली.

तिने गॅस बंद केला. ‘वन्सं, हात धुवा. रणजितरावांचं जास्त आहे. एक वाजता मशीनवर घेणारेत, मग बोलता येणार नाही. साडेबाराला बोलू देतील.’

मधुमती ओट्याला धरून उभी राहिली. विभाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि निमिषला फोन लावून सांगितलं की तुझ्या आईला मी सांगितलंय, तिचा नंबर नर्सला दे. तो चिडून काही बोलायला लागला तशी ती म्हणाली, रागाव माझ्यावर, पण नंतर रागाव, आधी नंबर दे.

फोन बारा चाळीसला आला. तनयाने तो मधुमतीसमोर धरला. पडद्यावर रणजितरावांचा अर्धाच चेहरा दिसत होता. निळ्या हातमोज्याने कुणीतरी त्यांचा मास्क जरा वर केला.

‘मधू, जेवलीस का?’

‘नाही अजून. पोळ्या चालल्यात. पुरणाच्या.’

त्यांनी श्वास घेतला, खूप वेळ लागला त्याला. ‘साखरपुड्याला होत्या तशा?’

‘तशाच. पुरण वहिनींनी केलंय.’

‘मग चांगल्याच असणार,’ रणजितराव म्हणाले. नंतर त्यांनी गॅलरीतल्या तुळशीबद्दल काहीतरी विचारलं, ते कुणाला नीट ऐकू आलं नाही. मधुमती ‘हो, हो’ म्हणत राहिली. दोन मिनिटं संपली.

विभा दारात उभी होती. त्या पोळ्यांची आठवण या माणसाला गोड होती, आणि त्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

मधुमती पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘फोन सकाळी नऊ वाजता आला होता, वहिनी. पाच मिनिटं कमीच असतील. मी तशीच धावत दादाकडे गेले. तो म्हणाला, कार्य होऊ दे, संध्याकाळी सांगू. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा मला म्हणाला, माझा संसार मोडेल, तू बोलू नकोस.’

‘आणि तुम्ही सत्तावीस वर्षं गार पोळ्या खाल्ल्यात.’

‘खाल्ल्या. कार्य माझंच होतं ना. मलाही ते मोडायला नको होतं.’

एवढ्या वर्षांनी वाक्य मिळालं. पण आता ते दुसऱ्या तोंडून हवं होतं. विभा गॅलरीत गेली, कडुनिंबाच्या फांदीवरचा परिंडा सोडवून घेतला, घासून धुतला, पाण्याने भरला आणि बाहेरच्या खोलीत निसळांच्या घड्याशेजारी ठेवला. उमाकांत तसाच पाटावर बसून होता. मधुमती आणि तनया तिच्या मागोमाग आल्या.

‘तीन नावं तुमची घ्या. चौथं माझ्या अण्णांचं घ्या. आणि फोन किती वाजता आला होता ते त्यांना सांगा.’

उमाकांत तिच्याकडे बघत म्हणाला, ‘तनयासमोर कशाला?’

‘तनयासमोरच.’

त्याने पळीत पाणी घेतलं. तीन नावं सवयीने झाली. चौथ्या नावाला पळीतलं पाणी पाटावर सांडलं. सकाळी नऊ वाजता, तो पुटपुटला. मोठ्याने, विभा म्हणाली. त्याने मोठ्याने सांगितलं, ‘सकाळी नऊ वाजता फोन आला होता. मला माहीत होतं.’

‘पापा, मतलब मम्मीचे बाबा तेव्हा होते?’ तनयाने विचारलं. साडेचारपर्यंत होते, विभाने सांगितलं.

हे ऐकलं की आपल्याला हलकं वाटेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. वाटलं नाही. राग होता तेवढाच होता, फक्त त्याला आता बरोबर पत्ता मिळाला होता.

तिने उमाकांतची गादी गुंडाळून मागच्या खोलीत नेऊन टाकली. काल तुम्ही दुधाच्या रांगेत मास्क हनुवटीवर घेऊन गप्पा मारत होतात, मी गॅलरीतून बघितलंय, ती म्हणाली, चौदा दिवस. उमाकांत साधा खोकलाही नव्हता. पण तो उठला, गव्हाच्या पिंपाशेजारच्या खाटेवर जाऊन बसला आणि दार आपणच लोटून घेतलं. विभाने बाहेर स्टूल ठेवला. चळतीतली सगळ्यात खालची पोळी काढली, तूप न घालता ताटात ठेवली आणि चमच्याने दोनदा वाजवलं. मधुमतीला तिने तव्यावरची गरम पोळी वाढली. मधुमतीला ती जाईना, पण विभाने ताट उचललं नाही. ते समोर राहू दिलं.

साडेतीनला निमिषचा फोन आला. मशीन लावलंय, बाबांनी ते नीट घेतलंय, दोन दिवस काही सांगता येत नाही, पण आत्ता स्थिर आहेत. विभाने निमिषला एक शब्द न विचारता फोन तसाच मधुमतीच्या कानाला लावला. मधुमती ऐकत गेली आणि तिने विभाचा हात धरला. विभाने तो सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

फोनची घंटा मागच्या खोलीत ऐकू गेलीच असणार. दारावर हलकी टकटक झाली.

‘अगं, निमिषचा होता का? काय म्हणाला? रणजितराव कसे आहेत?’

विभाने स्टुलावरचं रिकामं ताट उचललं.

‘संध्याकाळी सांगते,’ ती म्हणाली.